तुला कुणी गा म्हटलं नाही

अण्णा, तू गेल्यापासून गाव तुझ्याबद्दल इतकं गोड बोलतंय, की हे नक्की कुणाबद्दल चाललंय असं मध्येच विचारावंसं वाटतं. पडवीत येऊन बसणारा प्रत्येकजण सांगतो, प्रोफेसर म्हणजे देवमाणूस, कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाला टाकून बोलले नाहीत. मी आपली मान हलवते. आंघोळीच्या पाण्यात विसण जास्त झालं की तू घर डोक्यावर घ्यायचास, ते काही मी सांगायला जात नाही. वहिनी माझ्याकडे बघते आणि पदर तोंडाला लावते. लोकांना वाटतं, बिचारी रडते आहे.

तुझं सगळं रीतसर झालं. दिवसवार झाले, दोन्ही पोरी सासरहून येऊन राहून गेल्या, वाचनालयाच्या दिवाणखान्यात शोकसभाही झाली. त्या सभेत मी उठून उभी राहिले आणि एक प्रश्न विचारला. बायकांनी सभेत बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, त्यातून मी विधवा, त्यातून तुझी सख्खी बहीण. तेव्हा गाव सध्या माझ्यावर रागावलेलं आहे. रागावू दे. मुलींच्या शाळेत शिकवते मी, लोकांच्या रागाची मला सवय आहे.

गोष्ट तशी साधी आहे. शेवटची दोन वर्षं ह्या रत्नागिरीत तुला कुणीही गा म्हटलं नाही. का म्हटलं नाही, ते मला तुझ्या शोकसभेत कळलं. पण तुला ते कळलं होतं का? की आपलं गाणं लोकांना नकोसं झालं असं समजूनच तू गेलास? तू गेल्याचं दुःख आहेच, पण ह्या एका गोष्टीनं माझं जेवण उडालं होतं.

तुझे मिरजेचे बुवा मी एकदाच पाहिले होते. आपल्या घरी आले होते, पोह्यांत मिरची नाही म्हणून कुरकुरले होते. त्यांनी तुला गाणं किती दिलं ते मला सांगता येणार नाही, पण दोन नियम दिले ते मात्र सगळ्या घराला भोवले. बोलावल्याशिवाय गायचं नाही. आणि बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. तू ते दोन्ही इतक्या हट्टानं पाळलेस, की गावानंही ते अंगवळणी पाडून घेतले. प्रोफेसरांचं गाणं हवं असेल तर घरच्या कर्त्या माणसानं आदल्या दिवशी नारळ-सुपारी घेऊन स्वतः आपल्या पायरीशी यायचं. निरोप चालत नाही, चिठ्ठी चालत नाही. नारळ घ्यायला मी. तू आतून विचारायचास, कोण आलंय गो यमे, आणि मी नाव सांगितलं की पुढचं काही न ऐकता म्हणायचास, येतो म्हणून सांग.

कोणाकोणाकडे गेलास रे तू. किल्ल्यावरच्या भगवतीचं नवरात्र समजू शकते, राममंदिराचा उत्सव समजू शकते. सोनाराच्या नातवाच्या बारशाला अंगात ताप असताना गेलास. मिरकरवाड्याच्या एका तांडेलाची नवी होडी पाण्यात घालायची होती, तो ओल्या कपड्यांनी नारळ घेऊन आला, तर तू दुसऱ्या दिवशी तिथं वाळूवर सुकत घातलेल्या मासळीच्या शेजारी बसून गायलास. घरी आल्यावर वहिनीनं तुला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, आधी विहिरीवर पिटाळलं. तू पाणी अंगावर ओतता ओतता मला सांगत होतास, यमे, आज लागलेला पंचम आयुष्यात कधी लागला नव्हता. वहिनी म्हणाली, पंचम राहू दे, कानामागं खवले आहेत ते काढा.

ह्या नियमांवरून आपलं कायमचं भांडण. मी म्हणायची, गाणं तुझं, गळा तुझा, मग परवानगी लोकांची कशाला? वाटलं की गा. तू म्हणायचास, पंगतीत आपलं पान आपण मांडून घेत नाहीत. मी म्हटलं, बरं, मग मी बोलावते, मी नारळ आणते परसातला. तर म्हणालास, तू घरची. घरच्यांचं बोलावणं धरत नाहीत. म्हणजे ज्या बाईनं रोज सकाळी केर काढताना तुझा रियाझ ऐकला, चुलीशी बसून 'पंचम ढळला रे' म्हणून ओरडून सांगितलं, तिचं बोलावणं धरायचं नाही आणि बारशाच्या सोनाराचं धरायचं. हे भांडण काही मिटलं नाही. आता ते माझ्या एकटीकडे राहिलं.

एक खरं की ज्या हट्टानं तू हे नियम पाळलेस, त्याच हट्टानं मला माणसात आणलंस. मी विधवा होऊन परत माहेरी आले तेव्हा अजून पोरच होते. काका, मामा, सगळे पडवीत बसून माझं काय करायचं ते ठरवत होते. तू तेव्हा पुण्याच्या कॉलेजात प्रोफेसर. मोटारीनं घाट उतरून आलास, कोणाशी वाद घातला नाहीस, मला आत येऊन एवढंच म्हणालास, यमे, लुगडी बांध, तुला शिकायला घेऊन जातो. मी रडत होते, तर म्हणालास, रडत रडत बांध, गाडी थांबायची नाही. मागं वळून बघितलं तर तुझ्या ह्या एका वाक्यावर माझा सगळा जन्म उभा आहे. तुझ्या देखत हे कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू विषय बदलून विसणाबद्दल काहीतरी म्हणाला असतास.

पुढे वडील आजारी पडले आणि तू पुण्याची प्रोफेसरकी सोडून इथं आलास. इथं कॉलेज म्हणजे खेड्यापाड्यांतल्या मास्तरांना शिकवून तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज. पगार निम्मा, मान त्याहून कमी. पण गावानं तुझी 'प्रोफेसर' ही पदवी काढून घेतली नाही. त्या दिवसांत बंदरावर येणारे जादूगारही स्वतःला प्रोफेसर म्हणवायचे, तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नसावं. आणि तू त्या कॉलेजात रमलास. संगमेश्वरचे, गुहागरचे, खेडचे ते दाढी न फुटलेले मास्तर तुझ्यापुढं बसायचे आणि तू त्यांना पाढेसुद्धा सुरात म्हणायला लावायचास. मुलाला सुरात दिलेलं विसरता येत नाही, असं तुझं म्हणणं. आज जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेवरून जा, सतराचा पाढा भूपात ऐकू येतो. एका इन्स्पेक्टरनं ह्यावर शेरा मारला होता, की शाळेत गेल्यावर देवळात आल्यासारखं वाटतं. तू तो शेरा महिनाभर सगळ्यांना सांगत हिंडलास, जसं काही बक्षीसच मिळालं होतं.

पण त्या कॉलेजचा वर्ग म्हणजे पत्र्याची शेड. आणि आपला पाऊस. चार महिने पत्र्यावर नुसते दगड पडल्यासारखा आवाज, शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि तू त्याच्यावर ओरडून शिकवायचास. दर श्रावणात तुझा आवाज बसायचा, दर दिवाळीला सुटायचा. आम्हांला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी तो बसला आणि दिवाळी गेली तरी सुटला नाही, तेव्हा आम्ही आपलं ज्येष्ठमध आणि हळदीचं दूध करत राहिलो.

त्यापुढच्या चैत्रात राममंदिरात तू गायलास. ते तुझं शेवटचं बोलावणं, हे तेव्हा कुणाला माहीत होतं? तबल्यावर नेहमीप्रमाणे दाऊदभाई होते. मी बायकांत बसले होते. तार षड्जाला गेलास आणि आवाज फाटला. कापड टरकन फाटावं तसा. तू हसून खाली आलास, पुन्हा गेला नाहीस, आणि लवकर आटोपतं घेतलंस. लोकांनी नेहमीसारखी वाहवा केली. घरी येताना तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मीही बोलले नाही. खरं तर मला म्हणायचं होतं की एवढं काय त्यात. म्हणायला हवं होतं.

मग बंडू तुला मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. बंडू स्वतः बाकीच्या गावाचे डॉक्टर, आपल्याकडे तो बंडूच, तुझ्याबरोबर चड्डीत आंबे चोरलेला. परत आलात तेव्हा तू सांगितलंस, काही नाही, घसा सुजलाय, गुळण्या सांगितल्या आहेत. बंडूही तेच म्हणाला. फक्त तो जेवायला थांबला नाही, ह्याचं मला नवल वाटलं होतं.

आणि त्यानंतर पायरीशी कुणी आलं नाही.

पहिल्यांदा ते लक्षातही आलं नाही. गणपतीत आलं. कॉलेजच्या गणपतीपुढं तू दरवर्षी गायचास, ह्या वेळी पुण्याहून कोणी एक गवई आणला. तू धुवट कोट घालून पुढच्या रांगेत जाऊन बसलास, मान डोलावलीस, शेवटी त्याच्या पाठीवर हात ठेवून चांगलं बोललास. नवरात्रात किल्ल्यावर भजन झालं, तुला प्रसाद घरपोच आला. कोजागिरीला गच्चीवर सगळ्यांबरोबर मसाल्याचं दूध प्यालास, तानपुरा लावलेला समोर पडला होता, आणि जमलेले सगळे जण हवापाण्याबद्दल बोलत राहिले. तू दर वेळी घरून निघताना दाढेखाली लवंग ठेवायचास. ती लवंग बघून मला इतका राग यायचा, की शब्दांत सांगता येत नाही.

राग कुणाचा, हे मात्र मला कळत नव्हतं. मी आपली कारणं शोधत होते. एकदा वाटलं, गाव बदललं, बंदरावरच्या हॉटेलात आता ग्रामोफोन वाजतो, बोलपट आलेत, कुणाला हवं ख्याल ऐकायला. मग वाटलं, तू सगळ्यांकडे जाऊन गातोस, सगळ्यांच्या पंगतीला बसतोस, ते जुन्या मंडळींना झोंबलं असणार. एक दिवस मी तुला तोंडावर म्हटलं, अण्णा, तुला वाळीत टाकलंय रे ह्या लोकांनी. तू हसलास. म्हणालास, वाळीत टाकलेल्याला जेवायला बोलावत नाहीत, मला तर सगळीकडे दोन दोनदा वाढतात. मी म्हटलं, जेवायला बोलावतात, गायला का नाही? तेव्हा तू जे म्हणालास ते मी विसरलेले नाही. म्हणालास, "चांगलं गात होतो तेव्हा त्यांनी भरभरून ऐकलं, यमे. आता वाईट गातो, तर तोंडावर सांगत नाहीत, एवढी माया आहे त्यांची."

म्हणजे तू तुझ्यापुरतं उत्तर काढलंच होतंस. राममंदिरात आवाज फाटला तो सगळ्यांनी ऐकला, आणि आपलं गाणं त्या दिवशी संपलं. मग सकाळचा रियाझही कमी होत गेला. तानपुऱ्याला गवसणी घातलीस. मी विचारलं तर म्हणालास, पावसाळ्यात भोपळा सादळतो. मार्गशीर्षातही तू हेच सांगितलंस तेव्हा मी पुढं विचारायचं सोडलं. पण कॉलेजात जायचं काही तू थांबवलं नाहीस. तिथं पत्र्याखाली त्या गुहागर-संगमेश्वरच्या पोरांना पाढे म्हणून दाखवायला तुझ्या आवाजाला काही झालं नव्हतं, नाही का? घोगरा का असेना, दिवसभर चालायचा.

तुझं जाणंही तुझ्यासारखंच, कुणाला त्रास नाही. सकाळी चहा घेतलास, पडवीत वर्तमानपत्र उघडलंस, छातीत कळ आली म्हणालास, आणि वहिनी ओवा घेऊन बाहेर येईपर्यंत आटपलं होतं. बंडू धावत आला. नाडी धरून बसला तो बसलाच. नंतर म्हणाला, हृदय, दुसरं काही नाही, घशाचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही. घशाबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आता सभेचं सांगते. वाचनालयात माणूस मावत नव्हता. तुझे मास्तर तालुक्यातालुक्यांतून आले होते. भाषणं झाली. शेवटी बंडू उठला. तो म्हणाला, मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ह्यांनी गाणं थांबवलं नाही तर पुढं बोलणंही जाईल. ते ह्याला सांगायची माझी छाती झाली नाही. आणि विचारलं तर हा नाही म्हणणार नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. म्हणून मीच घरोघर जाऊन सांगून आलो, की प्रोफेसरांना कुणी गायला बोलावू नका. आणि मला सांगायला अभिमान वाटतो, की दोन वर्षांत एकाही माणसानं ते मोडलं नाही. सगळ्या रत्नागिरीनं मिळून आपल्या प्रोफेसरांचा गळा जपला.

लोक डोळे पुसत होते, अण्णा. माझी मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली. मी उभी राहिले.

"बंडू, हे तू अण्णाला कधी सांगितलंस का?"

सगळे मागं वळून बघायला लागले. बंडू म्हणाला, "सांगितलं असतं तर तो गायला असता, यमू."

"आणि नाही सांगितलंस, तर तो काय समजून बसला असेल, ते तुझ्या ध्यानात आलं नाही?"

अध्यक्षांनी घाईघाईनं भजन सुरू करायला सांगितलं.

बघ ना, कसं झालं ते. विचारलं तर तुला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्यांनी विचारायचं नाही. विचारल्याशिवाय तुला गाता येत नाही, म्हणून तू गप्प बसायचं. दोन्हीकडे नुसतं सौजन्य ओसंडून चाललेलं, आणि मध्ये तू लवंग चघळत बसलेला. असलं शहाणपण आपल्याच गावाला सुचावं. बरं, जपायचाच होता गळा, तर त्या कॉलेजच्या पत्र्यावर पेंढा टाकला असता चार भारे. चार महिने ओरडायचं ते ओरडलासच ना तू? ते कुणाला दिसलं नाही. सभेनंतर जिन्यापाशी मी बंडूला हेही सुनावणार होते. पण तो तिथं काठीवर हनुवटी टेकून लहान मुलासारखा रडत होता. म्हातारा झालाय रे तो. रडणाऱ्या माणसाशी कसलं भांडायचं? मी त्याला त्याच्या वहाणा शोधून दिल्या आणि घरी आले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दुःख जेवढं व्हायचं तेवढं होत होतं, त्याला माझी तक्रार नाही. पण भात कालवला की डोळ्यांपुढं यायचास तू, कोट घालून पुढच्या रांगेत. एवढी माया चहूबाजूंनी असताना आपण कुणाला नको आहोत असं समजून माणसानं दोन वर्षं काढायची, आणि तसंच उठून जायचं. हे मला वहिनीला सांगता येईना. तिला वाटत होतं, गावानं किती केलं.

परवा दुपारी दाऊदभाई आले. राजिवड्याहून चालत. पायरीवरच बसले, वर या म्हटलं तर बसतो इथंच बाई म्हणाले. मीच मग पाट टाकून पडवीत बसवलं. सगळ्या गावाला ते तुझे तबलजी म्हणून माहीत. त्यांचं पोट होड्या बांधण्यावर चालतं, हे लोकांना मुद्दाम सांगावं लागतं. हाताला तेलाचा वास होता. खूप वेळ वहिनीची, पोरींची, माझ्या शाळेची चौकशी करत राहिले. मला कळलं की काहीतरी आहे.

मग सांगायला लागले. तू जायच्या थोडे दिवस आधी, दिवाळी होऊन गेल्यावर, तिसऱ्या प्रहरी त्यांच्या मांडवात गेला होतास. ते नव्या होडीची फळी तासत होते. तू लाकडाच्या ओंडक्यावर बसलास आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलंस, दाऊद, खरं सांग, माझं गाणं इतकं वाईट झालंय का? ते नाही म्हणाले. मग दोन वर्षांत कुणी का बोलावलं नाही, असं तू विचारलंस. आणि म्हणालास, तूसुद्धा नाही.

दाऊदभाई म्हणाले, बाई, डॉक्टरांनी मला तबल्याची शपथ घातली होती, पण प्रोफेसरांच्या चेहऱ्याकडे बघून मला राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. मिरज, बंडू, घरोघरचा निरोप, सगळं.

"प्रोफेसर काय म्हणाले?" मी विचारलं.

"हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला, मी पाणी दिलं. पाणी प्यायले आणि म्हणाले, म्हणजे कंटाळले नव्हते तर."

अण्णा, मला तो दिवस आठवला. त्या संध्याकाळी तू दोनदा भात मागून घेतलास, वहिनीच्या आमटीला नावं ठेवली नाहीस, आणि बंडू आला तर पायरीवरच त्याला मिठी मारलीस. तो बावचळून म्हणाला, झालं काय तुला? तू म्हणालास, काही नाही, गाढवा, ये. मी म्हटलं होतं, आज स्वारी कुठल्या आनंदात आहे? तू मला सांगितलं नाहीस. दाऊदभाईंनाही बजावून ठेवलं होतंस, की हे कळल्याचं कुणाला बोलू नकोस, एवढं जपलंय त्यांनी, त्यांना वाईट वाटेल. तुझा हा शब्द मी मोडला. काल दवाखान्यात जाऊन बंडूला सगळं सांगून आले. तो माणूस सभेपासून जेवत नाही असं त्याची बायको सांगत होती. तुला जे कळलं ते त्याला कळायला नको होतं का? तो म्हणाला, म्हणून मिठी मारली होय त्यानं, आणि चष्मा काढून ठेवला.

पण दाऊदभाई परवा ह्यासाठी आले नव्हते. त्यांचं सांगणं संपलं नव्हतं. पाटावर ते नुसते हात चोळत बसले होते.

तू निघालास, उपरणं झटकलंस, तेव्हा ते म्हणाले होते, प्रोफेसर, गा. तू म्हणालास, आणि शपथ घेतली आहेस ती? ते म्हणाले, शपथ तबल्याची आहे, मी फळीवर वाजवतो. मग तू पुन्हा बसलास. त्यांनी फळीवर ठेका धरला आणि तू भीमपलास गायलास.

"बाई," दाऊदभाई म्हणाले, "त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. सगळं गाव दोन वर्षं पाळत आलं आणि मी मोडलं. मी विचारायला नको होतं का?"

मी आधी त्यांना डॉक्टरांचं सांगितलं, की हृदय होतं, घशाचा संबंध नव्हता. त्यांनी मान हलवली, पण ते काही त्यांच्या मनाला पोचलेलं दिसलं नाही. मग मी विचारलं, कसे गायले?

ते जरा घुटमळले. तुझ्याबद्दल वाईट बोलायची सवय नाही त्यांना.

"खरं सांगू? वाईट गायले. तार षड्जाला गेले आणि फाटला. पुन्हा गेले, पुन्हा फाटला. पुन्हा गेले."

"मग?"

"नाही लागला. पण थांबायला तयार होईनात. भरतीचं पाणी मांडवात पायाशी आलं, तरी म्हणत होते, थांब रे, अजून एकदा बघू."

मी दाऊदभाईंच्या समोर, तोंडाला पदर न लावता, मनसोक्त रडले. आतून वहिनी धावत आली, तिला वाटलं काय झालं नि काय नाही. थोड्या वेळानं मला बोलता आलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "दाऊदभाई, तुम्ही विचारलंत, फार बरं केलंत."